खिडकीपुढे हळू

चालत्या रिक्षातून हात बाहेर काढून तळवा वाऱ्यावर तिरका धरायचा, ही काकांची खोड. रिक्षावाला करवादला की म्हणायचे, "मग हळू चालव. घाई कोणाला आहे?"

मांडवीला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. जन्म बोटीवर गेला आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थांना थर्माकोलची विमानं करायचं वेड लागलं. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. काकू अंथरुणाला खिळलेल्या, खाट खिडकीशी. थर्माकोलच्या भुशाने त्यांना ठसका लागतो म्हणून कारखाना आमच्या पडवीत. आमच्या भातातसुद्धा थर्माकोल सापडायचा.

पहिलं विमान देखणं होतं, पातळ पंखांचं. त्याच्या अंगावर काकांनी लाल रंगात काकूंचं नाव घातलं. ते काकूंनी खाटेवरून वाचावं, तेही विमान उडत असताना, एवढाच त्यांचा हट्ट. खिडकीसमोरच्या पुळणीवर, वाळूत उभं राहून त्यांनी ते दोन्ही हातांतल्या रिमोटने खिडकीपुढून नेलं आणि धापा टाकत जिना चढले. मीही मागोमाग गेलो.

"दिसलं?"

"कायतरी सर्रकन गेलं हो. कावळा असेल म्हटलं."

मी हसलो, काका हसले नाहीत. "बोटीवर होतो तेव्हाही हेच. आलो म्हणेपर्यंत निघालो," एवढंच म्हणाले.

मग हळू उडणारा पंख करायचा ध्यास लागला. पंख बांगड्यासारखा झाला, पुढून गोल, पाठीवर फुगीर, मागे निमुळता. असा पंख कमी वेगातही विमान उचलून धरतो, हे त्यांनी मला ताटातला बांगडा उचलून समजावलं. पण नाक जरा जास्त वर झालं की हवा पंखाची पाठ सोडते आणि विमान धपकन खाली येतं. एकदा ते आमच्या वाळत घातलेल्या कैरीच्या आंबोशीवर आदळलं. "काका, कावळे परवडले हो!" माझी बायको म्हणाली. काका विमान पोटाशी धरून पडवीत गेले.

एका संध्याकाळी मात्र वारा बेताचा मिळाला. विमान वाऱ्याला सामोरं गेलं आणि खिडकीपुढे जवळजवळ थांबलंच.

"अहो, माझं नाव!" वरून काकू ओरडल्या. काकांनी डोळे पुसले नाहीत, हात मोकळे कुठे होते?

पुढे काकू गेल्या. बरेच दिवस पडवी ओकीबोकी वाटली. मला राहवेना. म्हटलं, "काका, आता एखादं वेगाचं करू या."

"घाई कोणाला आहे?" ते म्हणाले आणि तेच जुनं विमान घेऊन पुळणीवर उतरले. बंद खिडकीपुढे येऊन ते हळू झालं. नाव वाचून होईल एवढा वेळ काकांनी ते तिथेच धरून ठेवलं.