खुंट्यापाशी बसलेला माणूस

अनुकंपा हा शब्द आपण सहज उच्चारतो. त्याच्या पोटातला कंप मात्र आपल्याला जाणवत नाही. दुसऱ्याच्या अंगाला कापरे भरले असता आपलेही अंग कापावे, एवढाच त्या शब्दाचा मूळचा आशय. त्यात उपकार नाही, उपदेश नाही, औदार्याचा तोरा तर नाहीच. प्राचीनांनी मैत्री आणि करुणा या दोघींना जोडीने बसवले ते बहुधा याच कारणाने. दया उभ्या उभ्या करता येते. करुणेला खाली बसावे लागते. ज्याचे दुःख आहे त्याच्या शेजारी, त्याच्याच जमिनीवर. ही विद्या ग्रंथ वाचून येतेच असे नाही. शिरूर तालुक्यातील निमोणे गावी मळ्यावर राहणाऱ्या भिमाजींना ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आली, आणि ती देणारी एक लंगडी कुत्री होती.

भिमाजी चौथीपर्यंत शिकलेले. तरुणपणी त्यांनी पंचक्रोशीतल्या विहिरी खणल्या, पुढे घोड धरणाच्या कालव्याचे पाणी रानात आले तेव्हा वडिलोपार्जित साडेतीन एकरांत ऊस लावला. मुलगा रांजणगावच्या कंपनीत लागला आणि शिरूरला राहू लागला. मुलगी भाग्यश्री दौंड तालुक्यातल्या राहू गावी दिली. मळ्यावर उरले भिमाजी, त्यांच्या पत्नी साळूबाई आणि नऊ शेळ्या. उंच, किंचित वाकलेली देहयष्टी, आवाज इतका हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागे. जनावरांच्या पुढ्यात वैरण पडल्याखेरीज ते ताटावर बसत नसत. साळूबाई म्हणत, "ह्यांचं निम्मं बोलणं शेळ्यांसंगं होतं, आन् उरल्यालं माझ्या वाट्याला येतं. त्यातबी निम्मं 'हूं' असतं."

ऊस वाढला तसा उसात बिबट्या आला. त्याला तरी दोष कसा द्यावा? उसातच जन्मलेल्या पिल्लांना तेच रान आणि तेच घर. वस्तीवरच्या लोकांनी गोठ्यांना चहूबाजूंनी जाळ्या ठोकल्या, वर पत्रे घातले, दारांना कड्या लावल्या. त्याबरोबर आणखी एक रीत पडली. गोठ्याबाहेर खुंटा रोवून त्याला साखळीने कुत्रे बांधायचे. विचारले तर सगळे सांगत, राखणीला बांधलेय, भुंकून जागे करते. बिबट्याला दारातच काही मिळाले की तो जाळीशी झटत बसत नाही, हा त्या रीतीचा आतला अर्थ सर्वांना ठाऊक होता. उच्चारत मात्र कोणी नसे.

भिमाजींनीही कुत्रे बांधले. त्याचे नाव तांबू. राहूहून लेकीच्या घरचे पिल्लू म्हणून पिशवीत घालून आणलेले ते तांबूस कुत्रे सहा वर्षे त्यांच्या पायात घोटाळत वाढले होते. दिवसभर ते मोकळे असे. दिवस मावळला की भिमाजी त्याच्या गळ्यात साखळी अडकवत, आणि ते मान पुढे करी.

एका वर्षी भिमाजींच्या ध्यानात आले की तांबू दुपारची भाकरी अर्धीच खातो. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आणले, भाकरीत कालवले. साळूबाई हसू लागल्या.

"अवो, त्याला कशाला औषध? पावणी येती त्याची. तिच्यासाठी ठिवतोय त्यो."

भिमाजी आडोशाला थांबून पाहू लागले. खरोखर, दुपार कलताना एक काळी कुत्री बांधावरून लंगडत आली. उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून तिचा मागचा पाय निकामी झाला होता. मालक असा तिला कोणी नव्हता. तांबू ताटलीपासून दोन पावले मागे सरला आणि ती खाऊन होईपर्यंत दुसरीकडे पाहत बसला. भिमाजींनी त्या दिवसापासून एक भाकरी वाढवली. तरीही तांबू आपल्यातली अर्धी ठेवीतच असे.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे साळूबाई धार काढायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. नऊच्या नऊ शेळ्या जाळीआड धडधाकट होत्या. बाहेर खुंटा होता, टोकाची कडी तुटलेली साखळी होती आणि रक्ताने भिजलेली माती. तांबू नव्हता. साखळी उसाच्या बाजूला पडलेली नव्हती. ती घराच्या दाराकडे सरळ लांबलेली पडली होती. जिथवर साखळी पुरत होती तिथवरची जमीन नखांनी उकरली गेली होती. घरात भिमाजींना काही ऐकू आले नव्हते. त्यांचे कान गेली चार वर्षे मंद झाले होते, आणि साळूबाईंची झोप गाढ.

शेजारच्या मळ्याचे सोपानराव धावत आले. भिमाजी आणि ते एकाच विहिरीत पोहायला शिकलेले, साठ वर्षांचे सोबती. त्यांनी शेळ्या मोजल्या आणि निःश्वास टाकला.

"वाचल्या की रं सगळ्या! राखलं बघ गड्यानं."

भिमाजी उकरलेल्या मातीकडे पाहत होते. "राखलं न्हाई, सोपान. म्या दिला त्याला."

"काय बोलतोस येड्यावानी? सगळेच बांधत्यात."

"व्हय. सगळेच देतो."

दुपारी काळी आली. खुंट्यापाशी तिने माती हुंगली, एकदा घराकडे पाहिले आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसली. साळूबाईंनी भाकरी टाकली, ती तिने तोंडात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती शोधत नव्हती, केकाटत नव्हती, बसून होती. गावातून चौकशीला येणारी माणसे नवे कुत्रे कुठे मिळेल ते सांगत, बिबट्याच्या गोष्टी सांगत, चहा घेऊन जात. तांबूसाठी नुसते बसून राहणारी तेवढी एक ती होती. चौथ्या दिवशी भिमाजी तिच्या शेजारी मातीत बसले. बराच वेळ काही घडले नाही. मग तिने आपले तोंड त्यांच्या पावलावर ठेवले, आणि त्या म्हाताऱ्या माणसाने चार दिवस आवरून धरलेले रडू मोकळे केले. त्या दिवशी तिने भाकरी खाल्ली. अर्धी खाल्ली, अर्धी तशीच ठेवली.

भिमाजींनी खुंटा उपटून टाकला. पुन्हा कुत्रे बांधायचे नाही, हे त्यांनी ठरवले. एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते. पण महिन्याभराने काळी दुपारची येईनाशी झाली. संध्याकाळी त्यांना ती दिसली, सोपानरावांच्या गोठ्याबाहेर, साखळीला.

"सोपान, सोड तिला."

"का? तुझी हाय का? बेवारस कुत्रं. दोन टायमाची भाकर घालतो, गळ्यात नवा पट्टा घातलाय. जावयाला न्हाई एवढा मान हाय तिला हितं."

"तिला पळाया येत न्हाई रं."

"साखळीला बांधल्यालं धडकं कुत्रं तरी कुठं पळतंय?"

बोलून झाल्यावर सोपानराव थोडे थबकले, पण शब्द मागे घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते पाण्याची मोटर बंद करायला निघून गेले. परत येऊन पाहतात तो भिमाजी काळीच्या शेजारी मातीत मांडी घालून बसलेले. ऊस तेथून वीस पावलांवर होता आणि उजेड झपाट्याने उतरत होता.

"ऊठ, भिम्या."

"तू तिला आत घे. मग उठतो."

"आत? शेळ्यांत? शेळ्या बुजत्यात, दूध चोरत्यात, धारंला सोडत न्हाईत. पिढ्यानपिढ्या कुणी कुत्रं शेळ्यांत कोंडलंय का?"

"मग बसतो मी."

"बिबट्या तुझा मेव्हणा लागतो व्हय, वळख दावून सोडून द्यायला?"

भिमाजींनी काळीला जवळ ओढले. थोड्या वेळाने साळूबाई बॅटरी घेऊन आल्या. नवऱ्याकडे पाहिले, कुत्रीकडे पाहिले आणि सोपानरावांना म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना न्ह्यायला आले व्हते. पर ह्यांचं तोंड बघून कळलं, ह्ये काय यायचं न्हाईत. घोंगडं आणू का ताट आणू, तेवढं सांगा."

सोपानराव चिडले, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असे बोलले आणि शेवटी कुत्रीला ओढत पडवीत घेऊन गेले. दुसऱ्या संध्याकाळी मात्र ती पुन्हा खुंट्याला होती. भिमाजी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, तसेच. चहाच्या टपरीवर लोकांची करमणूक झाली. "सोपानरावानं राखणीला भिमाजी ठिवलाय म्हणं. भुंकतो का बरा?" भिमाजी हे ऐकून चहा संपवत आणि घरी जात. मुलाचा फोन आला, "आबा, लोकं हसत्यात." ते म्हणाले, "हसू दे."

त्यांना भीती वाटत नव्हती असे नाही. उसाचे पान हलले की त्यांच्या छातीत धडधड होई, आणि हीच धडधड सहा वर्षे रोज संध्याकाळी तांबूच्या छातीत झाली असणार, हे त्यांना आता कळत होते. आपण आपल्या हाताने कडी लावून आत जात होतो, हेही. काळी बाहेर राहिली असती तर तांबू दुसऱ्यांदा गेला असता. म्हणून ते बसत होते.

आठव्या संध्याकाळी सोपानराव दारात बराच वेळ उभे राहिले. मग आले आणि काळीच्या दुसऱ्या बाजूला बसले. दोघा म्हाताऱ्यांमध्ये कुत्री. उसात कुठेतरी टिटवी ओरडत उठली. काळीने गुरगुर केली, मग ती गुरगुरही तिच्या घशात विरली. सोपानरावांनी तिला दाबून धरण्यासाठी पाठीवर हात ठेवला तो काढला नाही.

"रोज अशीच कापती व्हय ही?"

"रोज. तांबूबी कापत असंल. म्या आत असायचो."

सोपानराव हात ठेवून बसले. त्यांची बोटेही आता स्थिर नव्हती. पट्ट्याची कडी त्यांना दोनदा सुटली नाही, तिसऱ्यांदा सुटली. ते तिला गोठ्यात सोडून आले आणि भिमाजींना म्हणाले, "चल घरात. आन् शेळ्यांनी दूध चोरलं तर तुझ्या घरनं आणीन, सांगून ठिवतो."

शेळ्यांनी काही दिवस खरोखरच दूध चोरले. तेव्हा दोघांनी एक युक्ती केली. गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात उरलेल्या जाळीचा एक लहान खण उभा केला. शेळ्या एकीकडे, कुत्री दुसरीकडे, मध्ये जाळी, वर तोच पत्रा. कुत्रीला उसाकडचा वास येई, तिचा आवाज घरात ऐकू येई, आणि तिच्या व बिबट्याच्या मध्ये लोखंड असे. आठवड्याभरात शेळ्या जाळीला पाठ लावून तिच्या उबेला बसू लागल्या.

भिमाजींनी याचा गाजावाजा केला नाही. कोणाच्या गोठ्याबाहेर खुंटा दिसला की ते पक्कड आणि तारेचे भेंडोळे घेऊन जात आणि विचारत, "जाळी उरली असंल का थोडी?" काहींनी हाकलले. काहींनी चहा दिला, जाळी दिली नाही. एका घरी ते पाच वेळा गेले. लेकीकडे राहूला गेले तेव्हाही पिशवीत पक्कड होती, भाग्यश्री म्हणाली, "आबा, नातवंडाला खाऊ आणायचा, का तार?" त्यांनी दोन्ही आणले होते.

गेल्या माघात ते गेले, दोन दिवसांच्या तापाने. साळूबाईंकडे माणसांची रीघ लागली; जो तो आयुष्याच्या नश्वरतेविषयी चार शब्द सांगून गेला. सोपानराव दहा दिवस रोज सकाळी आले, उंबऱ्याशी बसले आणि जेवणवेळेला उठून गेले. दहा दिवसांत ते काही बोलल्याचे साळूबाईंना आठवत नाही. नंतर त्या लेकीला म्हणाल्या की त्या दिवसांत आधार वाटला तो तेवढाच.

निमोण्याच्या त्या वस्तीवर आज अकरा गोठ्यांत असा खण आहे, राहूला चार. त्या पंधरा घरी रात्री कुत्रे बाहेर बांधत नाहीत.