देवळाबाहेरचे भावोजी

पुलाच्या अलीकडच्या टपरीपाशी सायकल लावून मी भावोजींची वाट बघत होतो. पौषातली सकाळ होती. रत्नागिरीत थंडी पडते असं सांगितलं की पुण्याची माणसं हसतात, पण खाडीवरून वारा सुटला की आम्हालाही कानटोपी लागते, आणि आंब्याला मोहर धरायचा तर ती थंडी पडावीच लागते. उशीर करायचा तो नेहमी मी. पोचलो की "आलास? मला वाटलं पांघरुणाने अटक केली" हे ऐकून घ्यायचं आणि पेडल मारायचं, असा आमचा शिरस्ता. त्या दिवशी माझा चहा संपला, दुसरा मागवला, टपरीवाला म्हणाला, "काय, आज जोडी फुटली काय?" आणि तेवढ्यात ताईचा फोन आला. "विनू, इकडे ये. सायकल तिथेच ठेव, रिक्षाने ये." ती रडत नव्हती. भावोजी कानटोपी घालून, बुटांच्या नाड्या बांधायला पायरीवर बसले होते, ते तसेच भिंतीला टेकले होते… एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची सुटी.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मॅनेजरकी केली. मी बँकेत होतो. दोघेही निवृत्त झाल्यावर, पोट कमी करायच्या निमित्ताने आमच्या सायकली सुरू झाल्या. हंगाम ठरलेला. दिवाळीचे कंदील उतरले की सायकली बाहेर निघायच्या, आणि शिमग्याचे ढोल वाजायला लागले की पुन्हा भिंतीला लागायच्या. बाकीचे महिने एक तर पाऊस नाहीतर घाम, आणि भावोजींचं म्हणणं असं, की घाम गाळूनच जायचं तर मग पगार तरी मिळायला हवा. पूल ओलांडायचा, पुढचा चढ चढायचा, वरच्या सड्याच्या कातळमाळावर पोचलं की आंब्याच्या कलमांच्या एका बागेच्या दगडी गडग्यावर बसून खिशातली केळी खायची आणि परत फिरायचं. पोट काही कमी झालं नाही. पण त्या चढावर मी जेवढं अर्थशास्त्र ऐकलं तेवढं बँकेत हयात घालवूनही माझ्या कानावर पडलं नव्हतं.

त्यांचं सगळं अर्थशास्त्र बर्फातून आलेलं. "बघ विनू, बर्फवाल्याला साठेबाजी करता येत नाही. आज लादी गेली नाही तर उद्या तिचं पाणी. म्हणून तो खलाशाशी गोड बोलतो. पैशाचं उलटं. पैसा वितळत नाही, म्हणून माणूस त्याच्यावर बूड टेकून बसतो आणि मग कोणाशी धड बोलत नाही." यावर त्यांचा उपाय तयार असायचा. नोटासुद्धा वितळायला हव्यात. वर्षभरात वापरली नाही तर नोट विटावी, म्हणजे लोक ती खर्च करतील नाहीतर वाटून टाकतील. मी मुदत ठेवी गोळा करण्यात केस पांढरे केलेला माणूस; मी खरं तर भांडायला हवं होतं. पण चढावर दम लागलेला असताना वाद घालता येत नाही आणि उतारावर तो घालावासा वाटत नाही. मी "खरं आहे, भावोजी" म्हणायचो. "खरं आहे" हे माझं जन्माचं पालुपद.

देवाच्या बाबतीतही तेच. भावोजी पक्के नास्तिक. त्यात कडवटपणा नव्हता. एखाद्याला वांगी आवडत नाहीत इतक्या सहजपणे त्यांना देव पटायचा नाही. मी त्यांच्याबरोबर सायकलवर असलो की नास्तिक व्हायचो, आणि घरी येऊन आंघोळ केली की देवापुढे उदबत्ती लावायचो. पुलाच्या पलीकडे रस्त्याला लागूनच एक देऊळ आहे. ते आलं की माझा उजवा हात हँडल सोडून आपोआप छातीशी जायचा. त्याआधी मैलभर मी देव नसल्याबद्दल त्यांच्याशी एकमत झालेलो असायचो! भावोजींनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मेल्या, दोन्ही हात हँडलवर ठेव. पडलास तर तो येणार नाही उचलायला, मलाच यावं लागेल." आणि एकदा मी खरंच पडलो, तेव्हा तेच आले. माझा गुडघा धुऊन देताना त्यांनी देवाचं नावही काढलं नाही. हा त्यांचा मोठेपणा मला तेव्हा कळला होता, असं वाटतं. कळून उपयोग काय झाला, ते पुढे सांगतो.

नाताळच्या सुट्टीत आम्हा दोन्ही कुटुंबांची सहल ठरलेली असायची. वर्षाअखेरीला हातात जे काही उरेल ते भावोजी सहलीत उडवायचे. "उरलेला बर्फ आहे, वितळायच्या आत खाऊन टाकू," म्हणायचे. ताई कपाळाला हात लावायची आणि मग लाडवांचे डबे भरायची. भाड्याची गाडी, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा अमेय, माझी पोरं, आणि पुढे नकाशा नसताना रस्ता सांगणारे भावोजी. किनाऱ्याने जा नाहीतर आत डोंगराकडे वळा, कोकणात चांगली जागा आली की तिथे देऊळ असतंच. भावोजी म्हणायचे, "सगळे मोक्याचे प्लॉट देवांनी आधीच नावावर करून घेतलेत." पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, की आम्हाला जाऊ नका म्हटलं नाही. आम्ही सगळे आत जायचो आणि ते बाहेर एखाद्या दगडावर आमच्या चपला राखत बसायचे. नुसते बसायचे नाहीत. आम्ही घाईत भिरकावलेल्या चपला ते जोडीने लावून ठेवायचे, तोंडं रस्त्याकडे करून, म्हणजे बाहेर आलेल्या माणसाने नुसते पाय सरकवले की झालं. तोवर शेजारच्या फुलवालीशी तिच्या धंद्याची चौकशी झालेली असायची. आम्ही आणलेला प्रसाद ते हात पुढे करून घ्यायचे. "साखर आहे. साखरेचं आणि माझं भांडण नाही." माझी धाकटी एकदा त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही आत का येत नाही?" तर म्हणाले, "मी आत आलो तर तुमच्या चपला कोण बघणार? देव?"

मी मात्र या माणसाची लाज बाळगायचो. बँकेतलं कोणी देवळात भेटलं आणि "पाव्हणे बाहेर का बसलेत?" असं विचारलं, तर मी "त्यांचे गुडघे दुखतात" म्हणून सांगायचो. रोज चढ चढणाऱ्या माणसाचे गुडघे!

गेल्या हिवाळ्यात, सड्यावरच्या त्या गडग्यावर, मोहराच्या वासात केळं सोलता सोलता ते म्हणाले, "विनू, माझं काही करायचं नाही. दहावं नाही, तेरावं नाही. माणसं जमवा, सुरमईचं कालवण करा, माझी चेष्टा करा आणि आपापल्या घरी जा." मी म्हटलं, "हे ताईला सांगा की." "तिला कशाला आत्ता रडवू?" त्यांनी साल गडग्यापलीकडे टाकलं. मग म्हणाले, "मी आहे तोवर वाद घालायला मी आहे. मी गेल्यावर तुम्ही माझ्या नावाने देवाची माफी मागाल आणि मला नाही म्हणता येणार नाही. तेवढं एक 'नाही' तू म्हण. बाकी काही नको." मी म्हटलं, "म्हणीन की! त्यात काय?" वर त्यांच्या पाठीवर थापसुद्धा मारली. सड्यावर ऐकणारं कोणी नव्हतं, माझा आवाज चांगला खणखणीत होता.

त्यांना पोचवून आल्यावर संध्याकाळी ओटीवर माणसं बसली होती. गावाहून भावकी आली होती. त्यांच्यातले वडीलधारे आबा, भावोजींचे चुलतभाऊ, त्यांनी गुरुजींचा विषय काढला. अमेय हळूच म्हणाला, "बाबांना हे आवडलं नसतं, आबा." आबांचा आवाज चढला. "आवडायचा काय त्यात? मानूस गेला म्हंजे त्याचा केलाच पायजे. लोका काय बोलतील? बापाला आसाच सोडलान म्हनतील." अमेय खाली बघायला लागला. तेव्हा आत दाराशी बसलेली ताई एकदम म्हणाली, "विनू, तू रोज बरोबर असायचास. तुला काही बोलले होते का रे ते?" सगळी ओटी माझ्याकडे वळली… आबांनी चष्मा वर केला. आणि मी म्हणालो, "तसं काही… स्पष्ट असं नाही बोलले."

या एका वाक्याने माझं काही वाचलं नाही. आबांचं मी काही देणं लागत नव्हतो, की त्यांच्याकडून मला काही मिळायचं नव्हतं. खरं बोललो असतो तर फार तर दोन माणसं कुरकुरली असती आणि आबा तेरा दिवस माझ्याशी बोलले नसते. भावोजींनी विचारलं असतं, "यात तुझा नफा काय झाला?" आणि मला सांगता आलं नसतं. मी फायद्यासाठी खोटं बोललो असतो तर निदान स्वतःला लबाड म्हणता आलं असतं. मी नुसता भित्रा निघालो, वयाची साठी उलटल्यावर, दहा ओळखीच्या माणसांसमोर. याची मला जी लाज वाटते ती कोणाला सांगून कमी होत नाही. इथे लिहूनही होणार नाही, हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय.

दहाव्याला नदीवर पिंड मांडले. अमेयने मुंडन केलं होतं; त्याच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटत होतं, निदान कावळा तरी शिवू नये. माझा विश्वास कुठे बसतो ते मला आजही ठाऊक नाही, पण तिथे हात जोडून मी कावळा न येण्याची प्रार्थना करत होतो, इतकं खरं. आणि पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा आला, शिवला आणि भाताची शितं घेऊन उडाला. आबांचा चेहरा उजळला. "बगा, कसलीच इच्छा ऱ्हायली नव्हती! सुखाने गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी माझ्याकडे बघून हसलं, म्हणून मीही मान डोलावली. त्यांची एकच इच्छा होती, आणि ती माझ्यापाशी ठेवलेली होती.

तेराव्याचं गोड जेवण झालं की देवाला जाऊन यायची रीत आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या गावच्या देवळात गेलो. दर सहलीची सुरुवात तिथूनच व्हायची. देवळासमोर सुरंगीचं झाड आहे, त्याच्याखाली सपाट जांभा दगड. गाडीतून उतरून माणसं बोलत बोलत त्या दगडाकडे गेली, सवयीने तिथेच चपला काढल्या आणि पायऱ्या चढून आत गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. चपलांचा ढीग दगडापाशी पडला होता, आणि दगडावर कोणी नव्हतं.

मग बघतो तर ताई मागेच राहिली होती. ती सावकाश आली आणि दगडावर बसली. मी म्हटलं, "ताई, आत येत नाहीस?" "तुम्ही या जाऊन. मी बसते इथे." ती वाकून अमेयच्या चपलांची जोडी लावायला लागली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, ते मला बोलले होते. सड्यावर. काही करू नका म्हणाले होते." तिने मान वर केली नाही. "ठाऊक आहे मला. त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, विनूला सांगून ठेवलंय, आता काळजी नाही." "मग तू का नाही…" "मी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. मला एक माणूस हवा होता रे माझ्याबरोबर बोलणारा. म्हणून तुला विचारलं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं…

आतून घंटा वाजली. माझी बायको दारातून ओरडली, "अहो, आरती सुरू होतेय, येताय ना? आबा थांबलेत." मी ताईकडे बघितलं. त्या दगडावर दोन माणसं सहज मावतात. ताई जराशी सरकलीही होती, असं मला वाटलं; मुद्दाम की चपला घ्यायला, ते सांगता येणार नाही. "जा," ती म्हणाली, "थांबलेत ते."

आणि मी गेलो. चपला काढल्या आणि गेलो. आबांच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवल्या, तीर्थ घेतलं, डोळ्यांना पाणी लावलं. बाहेर आलो तेव्हा ताई हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसली होती. ढीग नाहीसा झाला होता. सगळ्यांच्या चपला ओळीने लावलेल्या होत्या, त्यात माझ्याही, तोंडं रस्त्याकडे करून. मला नुसते पाय सरकवायचे होते.