माक तास्मिराचा शिक्का

आमच्या गावात कुणाच्या अंगावर फोड उठला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. अंडं खाल्लंस का? ताप किती, पू धरलाय का, टॉवेल कुणाचा वापरतोस, हे कुणी विचारत नाही. आणि हे विचारणारं गाव कुठलं, तर जावा बेटावरच्या ब्रेबेसकडचं, जिथे दर तिसऱ्या घरात बदकाची अंडी खारवतात. बाहेरच्यांना अंडी विकायची आणि आपल्याच पोरांच्या हातातून ती काढून घ्यायची. मला याची चीड येते. पण त्याहून जास्त चीड मला माझी येते, आणि ती का ते सांगायचं तर माक तास्मिराबद्दल सांगावं लागेल.

तिचं घर माझ्यापासून तिसरं. सगळी गल्ली तिला माक म्हणजे आईच म्हणते. साठी उलटलेली, पायात कधी चप्पल नाही, आणि आवाज असा की कालव्यापलीकडे गेलेली बदकं मागे फिरत. सत्तर बदकं होती तिच्याकडे. भाताची कापणी झाली की ती त्यांना मोकळ्या शेतात चरायला नेई. अंडी धुऊन विटांची पूड, राख आणि मीठ यांच्या चिखलात लिंपून ठेवी, दोन आठवड्यांनी उकडी आणि प्रत्येक निळसर कवचावर आपल्या नावाचा रबरी शिक्का मारी. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण शिक्का उलटा उमटला तर तिला लांबून कळे. अंडं खराब निघाल्याची तक्रार कुणी आणली तर आधी त्याच्याशी कडाकडा भांडे, मग एकाच्या जागी दोन देई.

तिचा मुलगा जकार्तात खानावळ चालवतो. घरात सून खोतिमा आणि चार वर्षांची नात निल्ना. गेल्या पावसाळ्यापासून या पोरीला फोडांनी पछाडलं होतं. मांडीवरचा बसला की पाठीवर दोन, ते सुकले की मानेवर. आरोग्य केंद्रातलं औषध घेतलं की तेवढ्यापुरतं बरं वाटे. दोन दिवस बरे गेले की खोतिमा औषध थांबवी. मग तिने पोरीचं अंडं बंद केलं. मग वशट म्हणून मासे बंद, मग कोंबडी. राहिलं काय, तर भात, गोड सोया सॉस आणि क्रुपुक, म्हणजे तळलेले पापड. आणि वर बू एर्नाची बाटली.

बू म्हणजे बाई; ही एर्नाबाई आमच्या गल्लीत नाकाने कांदे सोलणारी. महासाथीपासून तिला एकच शब्द सापडलाय, इम्युनिटी. मध आणि कलौंजीचं सरबत विकते, बाटलीवर ढाल घेतलेला पैलवान. पोरगी बरी झाली तर बाटलीमुळे, पुन्हा आजारी पडली तर बाटली कमी पडली म्हणून. खोतिमा वाईट नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेल्या आईला काहीही विकता येतं, हे एर्नाला चांगलं ठाऊक होतं.

दर महिन्याच्या आठ तारखेला गल्लीतल्या पोरांची वजनं होतात. तिथे मी स्वयंसेविका. मुलाला कापडी झोळीत बसवून काट्याला लटकवायचं आणि कार्डावर टिंब द्यायचं, हे माझं काम. एका आठ तारखेला निल्नाचं टिंब हिरव्या पट्ट्यातून घसरून पिवळ्यात आलं होतं. त्या दिवशी प्रत्येक पोराला एक उकडलेलं अंडं दिलं. निल्नाने अर्धं सोललं होतं, तेवढ्यात खोतिमाने ते काढून घेतलं. पोरगी रडली नाही. रिकाम्या बोटांना चिकटलेलं कवच बघत बसली.

माकला ते बघवलं नाही. "खाऊ दे तिला," ती म्हणाली. "अंड्याने फोड येत असते तर एव्हाना माझा फणस झाला असता."

बायका हसल्या. एर्ना काहीतरी पुटपुटली. आणि मी? त्याच सकाळी माकची बदकं आमच्या अंगणात वाळत घातलेल्या कांद्यांवरून धुडगूस घालत गेली होती. माझ्या डोक्यात ते होतं. मी म्हणाले, "माक, तू अंडी विकतेस. तू दुसरं काय म्हणणार?"

आता सगळ्याच खदखदून हसल्या. खोतिमाही हसली, सुटल्यासारखी. जिने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती माक उठून निघून गेली.

मला खरं माहीत होतं, हे मी लपवत नाही. दोनच महिन्यांपूर्वी तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मी माझ्या वहीत लिहून घेतलं होतं की अंड्याने फोड येत नाहीत. खाली रेघही मारली होती. पण चार बायकांना हसवायचा मोह आवरला नाही.

बारा दिवसांनी निल्नाच्या डोळ्याखाली फोड आला. गाल सुजला, डोळा मिटला, ताप चढला. खोतिमाबरोबर मी गेले. तालुक्याच्या दवाखान्यात पाच दिवस सलाइन लावलं. नर्सबाईंनी विचारलं, पोरगी खाते काय? खोतिमाने अभिमानाने सांगितलं, अंडं नाही, मासा नाही, कोंबडी नाही. नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. जंतू कातडीवर येऊन बसतो, म्हणून नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा, फोड पिळू नका, औषध मध्येच सोडू नका. पण आतून लढायला अंगात काही हवं की नको? अंडं द्या, मासा द्या, सोयाबीनचं तेम्पे द्या, पालेभाजी द्या. बाटली नाही दिली तरी चालेल.

खोतिमा माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग त्या दिवशी तसं का बोललात?"

कांद्यांचं सांगायची लाज वाटली.

घरी आल्यावरही खोतिमाचा हात अंड्याकडे जाईना. एर्नाने कानात भरलं की दवाखान्यात सगळ्यांना हेच सांगतात, आणि सासूला तर हे हवंच होतं. माकने ते ओट्यावर बसून ऐकलं. चार दिवसांनी व्यापाऱ्याची गाडी आली आणि सत्तर बदकं घेऊन गेली. तिने कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठ तारखेला ती पिशवीभर अंडी घेऊन आली. कोंबडीची, किराणा दुकानातली. चाळीस वर्षांत तिने दुसऱ्याचं अंडं घरात आणलं नव्हतं. पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आता माझ्याकडे एक बदक नाही. शिक्का चुलीत घातला. आता बोलू का? अंड्याने फोड येत नाहीत."

या वेळी कुणी हसलं नाही.

"वार्ती, आता तू बोल," ती म्हणाली.

मग मी बोलले. वही उघडून, सगळ्यांसमोर, एर्नाच्या तोंडाकडे बघत बोलले. त्या दिवशी मी खोटेपणा केला हेही सांगितलं. खोतिमाने एक अंडं घेतलं, सोललं आणि निल्नाच्या हातात दिलं.

नंतर मी माकच्या घरी जाऊन तिच्यावरच ओरडले. मला विचारायचं होतंस, मला शिव्या द्यायच्या होत्यास, बदकं कशाला घालवलीस? माझ्या वहीतली एक ओळ लोकांना पटावी म्हणून तुझं सगळं आयुष्य गेलं. ती रिकाम्या खुराड्याच्या फळ्या काढत होती. वर न बघता म्हणाली, "तुझे कांदे तरी वाचले."

त्यानंतर निल्नाला दोन छोटे फोड आले, ते औषधाने बसले. आता चार महिने एकही नाही. टिंब परत हिरव्यात आलंय. हा आपल्या बाटलीचा गुण आहे असं एर्ना अजून सांगत फिरते, आणि माझं टाळकं अजून सरकतं.

मागच्या आठवड्यात निल्नाने हट्ट धरला, आजीचं खारं अंडं पाहिजे. माक बाजारात जाऊन एक घेऊन आली. मी तिथेच होते. कवचावर दुसऱ्याच कुणा बाईचा शिक्का होता. माकने अंडं नळाखाली धरलं आणि ते नाव जाईपर्यंत अंगठ्याने घासत राहिली. मग सुरीने दोन भाग करून पोरीपुढे ठेवले.

"तुझंच आहे ना, आजी?" निल्नाने विचारलं.

"हो. खा."

माकने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी तोंड उघडलं नाही.