आडनावांच्या क्रमाने लागलेली यादी

छाननीची यादी माझ्यापुढे आली तेव्हा सुनीता वाघमोडेचं नाव तेरावं होतं. मुलाखतीला बोलवायचे होते दहा. आस्थापना विभागाचे उपकुलसचिव कदम यांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "करा मॅडम. दुपारी वेबसाइटवर टाकायचीय."

मी सही केली नाही.

मी तेव्हा भौतिकशास्त्राची विभागप्रमुख होते. विद्यापीठाचं नाव इथे देत नाही. आमच्याकडे एम.एस्सी.ला खगोलशास्त्र हा ऐच्छिक विषय होता, पण तो शिकवायला कायम शिक्षक नव्हता. बऱ्याच प्रयत्नांनी सहायक प्राध्यापकाची एक जागा मंजूर झाली होती. मार्चअखेर भरली नाही तर ती परत जाणार होती. हे कदमांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

वाघमोडे आमच्याकडेच सीएचबीवर शिकवत होती. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. जितके तास घ्याल तितकेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक. तिचं घर अजिंठ्याच्या बाजूच्या एका वाडीवर. वडील मेंढ्या राखतात, भाऊ सिल्लोडला ट्रॅक्टर चालवतो. पीएच.डी. तिने पुण्यात केली होती.

यादीत सहाव्या क्रमांकावर प्रशांत आढाव होता. बीडचा, पुण्याच्या एका संस्थेत पोस्टडॉक. म्हणजे पीएच.डी. झालेल्या संशोधकाची, पण कायम नसलेली जागा. दोघांच्या अर्जांत एक पेपर सामाईक होता. अंतर पडलं ते त्याच पेपरमुळे.

हे थोडं समजावून सांगायला हवं. दुर्बिणीवरचं मोठं काम एकट्याने होत नाही. कुणी यंत्र सांभाळतं, कुणी निरीक्षणं घेतं, कुणी त्यातून निष्कर्ष काढतं. म्हणून एका शोधनिबंधावर चाळीस-पन्नास नावं असतात. भांडण नको म्हणून असे गट बऱ्याचदा सगळी नावं आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावतात. हा पेपर तसाच होता. ताऱ्यांच्या तेजात होणाऱ्या चढउतारांवरचा. पहिलं नाव आढाव, शेवटचं वाघमोडे.

आमच्या गुणतक्त्यात मात्र पहिल्या लेखकाला गुणांचा मोठा वाटा होता आणि बाकी सगळ्यांना त्याच्या निम्म्याहून कमी. रसायनशास्त्रात किंवा प्राणिशास्त्रात ते बरोबर आहे. तिथे पहिलं नाव काम करणाऱ्याचं असतं. खगोलशास्त्राला तीच पट्टी लावली की ए अक्षराचे उमेदवार वर जातात आणि डब्ल्यूचे खाली.

मी हे कदमांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, नियम आहे तो आहे. पहिलं नाव म्हणजे पहिला लेखक. खामखा वाद कशाला? आणि ती तुमच्याच डिपार्टमेंटची आहे, हे सगळ्यांना माहीतय."

हा टोला बरोबर बसला. ती माझ्या विभागातली होती हे खरंच होतं. मी म्हटलं, तसं लिहून घ्या, आणि मुलाखतीत मला गुण देऊ देऊ नका. पण या तक्त्यावर विषयतज्ज्ञ म्हणून माझी सही हवी आहे, आणि विषय मला येतो.

संध्याकाळी कुलगुरूंनी बोलावलं. ते रसायनशास्त्राचे. त्यांनी पेपरचं पहिलं पान समोर ठेवलं होतं.

"आमच्याकडे पहिला तो काम करणारा, शेवटचा तो गाइड. सगळ्या जगात हेच चालतं," ते म्हणाले.

"मग शेवटचं नाव वाघमोडेचं आहे, सर. म्हणजे ती या सगळ्यांची गाइड. तिला थेट प्रोफेसर करा."

कदमांनी खिडकीबाहेर पाहिलं. कुलगुरू हसले नाहीत. जागा परत गेली तर जबाबदारी कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चुकीची यादी करणाऱ्याची. अशा पेपरवरच्या सगळ्यांना सारखेच गुण द्या, म्हणजे सहलेखकाचे, एवढीच माझी मागणी होती. तसं केलं तर आढाव कोर्टात जाईल, अशी त्यांना भीती होती. शेवटी ठरलं की यादी आहे तशी लावायची, माझं मतभेदाचं टिपण फाइलला जोडायचं, आणि उमेदवारांना आक्षेपासाठी मुदत द्यायची. कुणी आक्षेप घेणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. सीएचबीवरचा माणूस सहसा आक्षेप घेत नाही. त्याची पुढच्या वर्षीची नेमणूक त्याच टेबलावरून जाते.

यादी लागली त्या दिवशी वाघमोडे माझ्या केबिनमध्ये आली. बसली नाही.

"मॅडम, हे असं कसं लावलं?"

मी सांगितलं की मी छाननी समितीवर आहे, या विषयावर तुझ्याशी एक शब्द बोलता येणार नाही.

"बोलू नका. मी फक्त सांगायला आले. आक्षेप टाकतेय."

तिच्याबरोबर तासिकांवर शिकवणारा एकजण दारात उभा होता. तो म्हणाला, "ताई, जरा दमानं घ्या. पुढच्या साली तास मिळायचे नायत."

"नाय मिळाले तर नाय. गुलमंडीत कुणाच्याबी दुकानात कापड मोजीन. तिथं मीटर तरी सगळ्यांना एकच असतो."

तिने आक्षेप टाकला. अर्ध्या पानाचा. त्यात विनंती हा शब्द नव्हता. कृपया सुद्धा नव्हतं. कदमांनी तो मला दाखवला तेव्हा ते म्हणाले, "भाषा जरा सख्त आहे." मी म्हटलं, माहिती बरोबर आहे का ते बघा.

सुनावणीला दोघांनाही बोलावणं भाग होतं, कारण निर्णय तिच्या बाजूने गेला तर गुण आढावचे कमी होणार होते. प्रशासकीय इमारतीतल्या मीटिंग रूममध्ये कुलगुरू, कदम, मी आणि दुसऱ्या विद्यापीठातले एक निवृत्त प्राध्यापक बसलो. आढाव पुण्याहून सकाळच्या बसने आला होता. दोघं बाहेर बाकावर शेजारी बसून चहा पीत होते. एकाच दुर्बिणीवर काम केलेले, ओळख होतीच. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी नंतरही विचारलं नाही.

वाघमोडेने तिचं काम सांगितलं. निरीक्षणांतून खोटे चढउतार वेगळे काढायची पद्धत तिची होती. ढग, दुर्बिणीचा थरथराट, शेजारच्या ताऱ्याचा उजेड, या सगळ्यांमुळे तारा मंद झाल्यासारखा वाटतो. तो खरंच मंद झाला का, हे ठरवण्याची रीत तिने बसवली. कुलगुरूंनी ऐकून घेतलं आणि आढावकडे वळले. त्यांना त्याच्याकडून विरोध हवा होता. तो मिळाला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं.

"तुम्ही या पेपरचे पहिले लेखक आहात, बरोबर?"

आढाव म्हणाला, "सर, माझं नाव पहिलं आहे. शाळेतपण हजेरीत पहिला नंबर माझाच होता. वर्गात कधी नव्हता."

निवृत्त प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. कदमांनी विचारलं, हे लेखी द्याल का. आढाव म्हणाला, पेन द्या. त्याने काय केलं होतं तेही त्याने लिहिलं. कॅमेऱ्याची देखभाल आणि निरीक्षणांच्या पाळ्या. महत्त्वाचं काम होतं, पण पहिल्या लेखकाचं नव्हतं. यात तुमचे गुण जातील, असं कदमांनी त्याला दोनदा बजावलं. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब. उद्या दुसऱ्या विद्यापीठात आडनावाच्या भरवशावर जाऊन बसायचं का?"

असे पेपर सगळ्याच अर्जांत शोधले गेले. गुण पुन्हा मोजले, तेव्हा वरच्यांपैकी आणखी काहीजणांचे पहिल्या नावाचे गुण गेले. आढाव खाली सरकला तरी दहांत राहिला. वाघमोडे नववी आली. त्या यादीवर मी सही केली.

मुलाखतीला मी बसले, पण गुण दिले नाहीत. बाहेरून आलेल्या एका सदस्याने तिला कौतुकाने विचारलं की मेंढपाळाच्या घरातली मुलगी, म्हणजे ताऱ्यांची ओळख लहानपणापासूनच असेल. ती म्हणाली, "नाही सर. रात्री लक्ष लांडग्याकडं असायचं." पुढचा प्रश्न विषयाचा आला.

मग फळ्यासमोर पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. ताऱ्याचं अंतर कसं मोजतात, हा विषय तिने घेतला. हर्सूलच्या तलावाच्या काठावर उभे राहा, पलीकडचं एक झाड धरा, आता दहा पावलं बाजूला सरका, मागच्या डोंगरावर झाड कुठे दिसतं ते बघा. झाड जवळ असेल तर जास्त सरकेल, लांब असेल तर कमी. आपण दहा पावलांऐवजी पृथ्वीबरोबर सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जातो, एवढाच फरक. कुलगुरूंनी वहीच्या कोपऱ्यात तलाव काढलेला मी पाहिला.

निवड वाघमोडेची झाली. आढाव प्रतीक्षा यादीत पहिला होता. ती यादी वापरावी लागली नाही. काही महिन्यांनी त्याला दक्षिणेत नोकरी मिळाली. तिथल्या जाहिरातीत उमेदवाराने स्वतःचा वाटा लिहून द्यायचा होता, असं त्याने मला कळवलं.

आमच्या पुढच्या जाहिरातीत कदमांनी स्वतःहून एक ओळ घातली. वर्णक्रमाने नावं असलेल्या शोधनिबंधात सर्व लेखक समान धरले जातील. मसुदा दाखवायला ते स्वतः विभागात आले. मी निवृत्त झाल्यावर मानद प्राध्यापक म्हणून राहण्याचा प्रस्ताव विभागाने पाठवला, तो कुलगुरू कार्यालयातून नामंजूर होऊन आला. कारण दिलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

भरतीत सगळे उमेदवाराला तपासायला बसतात. मोजायची पट्टी तपासायला कुणी बसत नाही, कारण त्यात वाईटपणा येतो. तो घ्यावा. पगार त्याचाही मिळत असतो.