पाण्याचा टॅब

मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, ऑफिस, सोसायटी — लिहायचं, करायचं, रेघ मारायची. ही एक गोष्ट मात्र मी कुठे लिहिली नाही. नवऱ्यालाही सांगितली नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही.

वेबसाइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. रहाटणीच्या आमच्या सोसायटीचीही मीच बनवली. वर तीन टॅब ठेवले — सूचना, पाणी, तक्रारी. ज्यावर क्लिक कराल त्याचा मजकूर खाली उघडतो. सुटसुटीत. सगळ्यांनी कौतुक केलं.

तिसऱ्या मजल्यावर गायकवाडकाका एकटे राहायचे. चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्या, मग हळूहळू नजरही गेली. तरी स्वयंपाक स्वतःच करायचे. लॅपटॉप कानाने चालवायचे — पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आणि कीबोर्ड, बस्स. मुलगा मोशीला राहायचा, आमच्याकडे चला म्हणून मागे लागलेला. काका हसायचे. "अरे, माझं घर मला पाठ आहे."

एकदा जिन्यात म्हणाले, "सुनंदा, 'पाणी' असं ऐकू येतं, मी एंटर दाबतो, पण पुढे लॅपटॉपातला गडी बोलतच नाही. माझंच काही चुकतंय का गं?"

"बघते हं, काका," मी म्हटलं.

मग दोन दिवस पाणी गेलं. सूचना त्याच टॅबमध्ये होती. काकांच्या घरात थेंब नव्हता. पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला मुलगा काकांना हाताला धरून घेऊन आला. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, "काय राव काका, अख्ख्या बिल्डिंगला कळलं, तुमचीच बादली कोरडी कशी?" माना माझ्याकडे वळल्या — वेबसाइटचं पान माझं ना. काकांनी तोंड उघडायच्या आत मी बोलून गेले.

"पान व्यवस्थित आहे. काका विसरतात हो हल्ली."

बोलून गेले? — नाही. इथे तरी नीट सांगते. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच सकाळी मी माउस बाजूला ठेवून ते पान उघडलं होतं. कीबोर्डने टॅबवर जाताच येईना. मी नुसते रंगीत चौकोन काढले होते. डोळ्यांना ते टॅब दिसत होते, कानांना नुसते शब्द. खरं तर तिथे गेल्यावर 'पाणी, तीनपैकी दुसरा टॅब' असं ऐकू यायला हवं, बाणाच्या कळांनी पुढेमागे जाता यायला हवं. नवीन पोरांना हे मीच शिकवते. सोसायटीचं फुकटचं काम म्हणून मी ते गाळलं होतं.

मुलगा काकांकडे बघत राहिला.

त्या आठवड्यात मी टॅब दुरुस्त केले. गुपचूप. वाटलं, मिटलं. मिटलं?

काका जिन्यात भेटले. "चालतंय गं आता. म्हणजे तुझं पान ठीकच होतं. मीच —" आणि त्यांनी कपाळावर बोट टेकवलं.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "होतं असं, काका."

त्यानंतर त्यांनी स्वतःहून गॅस पेटवायचा सोडला. डबा लावला. मग मुलाला फोन करून म्हणाले, ये, घेऊन जा मला. घर भाड्याने गेलं.

मागच्या महिन्यात मोशीला जाऊन आले. काका खिडकीशी बसले होते. उठायच्या आधी सुनेला विचारत होते, उजवीकडे ना? कपाटावर लॅपटॉप होता, वर घडी केलेले टॉवेल. काढून देऊ का, मी विचारलं.

"नको गं," ते म्हणाले. "भलतंच काहीतरी दाबून बसेन."

मी बरं म्हटलं. चहाचे कप उचलले, आत नेऊन विसळून ठेवले.