पाहुणीची खुर्ची

जर्मनीत शिकायला गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात तिथल्या एका कुटुंबानं मला रविवारी जेवायला बोलावलं. साठी उलटलेली बाई, तिचा नवरा आणि टेबलावर वाफाळते बटाटे. जेवण झालं आणि बाईनं माझ्या हातात एक फडकं दिलं. ती भांडी धुणार, मी पुसायची. मी मुकाट्यानं पुसली, पण खोलीवर येऊन आईला फोन केला आणि रडले. घाटंजीत आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलून ठेवू देत नाहीत. इथे पहिल्याच दिवशी भांडी!

आई तर पेटलीच. "लेकरू एवढ्या दुरून आलं अन् त्याले भांडे पुसाले लावते? असा असते का पाहुणचार? येऊ दे तिले एकडाव आपल्या घरी. मी दाखवतो तिले, पाहुणचार कायले म्हन्तेत ते."

तरी मी दर रविवारी जात राहिले, कारण बटाटे गरम असायचे आणि मला तिथे फार एकटं वाटायचं. हळूहळू फडक्यासाठी मीच हात पुढे करायला लागले. एकदा न कळवता उशिरा पोचले, तर बाई दारातच माझ्यावर कडाडली. काळजीनं तिचं तोंड एवढंसं झालं होतं. घर सोडल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं, त्यामुळे ते ऐकताना मला इतकं बरं वाटलं की मी हसायलाच लागले. फडक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. त्या घरात पाहुण्याला बसवून ठेवतात आणि आपल्या माणसाला कामाला बोलावतात. आईला हे फोनवर समजावून पाहिलं. ती "हो, हो" म्हणाली, म्हणजे काही पटलेलं नव्हतं.

शिक्षण संपवून मी परत आले, आणि या जानेवारीत ती दोघं आठवडाभरासाठी घाटंजीला आमच्या घरी आली. आई या दिवसाची वाटच बघत होती. बाबांच्या बसण्यातली गादीची खुर्ची अंगणात मांडली गेली आणि बाईला तिच्यावर बसवण्यात आलं. ती जरा उठली की आई हजर, "बसा, बसा!" तिनं ताट उचललं की आई ते हिसकावून घ्यायची. नवरा मजेत होता. पुरणपोळी, वर तूप आणि दुपारची झोप, त्याला आणखी काय हवं होतं! बाई मात्र गप्प गप्प होत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "आम्ही उद्याच नागपूरला जातो. तुझ्या आईला मी परकी वाटते. तिला उगाच किती दमवायचं?"

माझं डोकंच फिरलं. जिनं मला परक्या मुलखात जीव लावला, ती माझ्या घरातून उपरी होऊन जाणार? हे मी होऊ देणार नव्हते.

स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, "तिले काही काम दे."

"पाहुणीले? लोक काय म्हन्तीन?"

"उद्या चालली ते. तुह्यापायी."

आईचा हात थांबला. "मी काय कमी केलं वं तिले?"

"कमी नाही, जास्तच केलं."

हे आईला लागलं. तिचे डोळे भरून आले, पण हट्ट काही सुटला नाही. "तिनं तुले कामाले लावलं म्हून मीबी लावू? नाही जमत मले." ठीक आहे, म्हटलं. मीही तिचीच लेक होते.

दुपारी शेतातून तुरीच्या ओल्या शेंगा आल्या. त्यांचे हिरवे दाणे, म्हणजे सोले, आम्ही वांग्याच्या भाजीत घालतो. आई चटई टाकून सोलायला बसली. समोर बाई, अर्थातच खुर्चीत. मी बाईला हात धरून उठवलं, खुर्ची उचलली, आत नेली आणि त्या खोलीला कडी घातली. बाहेर येऊन पाहते तो बाई गुडघे कसेबसे दुमडून चटईवर बसलेली. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की घरात पाहुणे नसते तर चप्पलच आली असती. मी शेंगांची टोपली दोघींच्या मध्ये सरकवली आणि हलले नाही.

बाई भराभर सोलू लागली. आई ओठ घट्ट मिटून आपल्या शेंगा सोलत होती, पण नजर समोरच्या हातांवर होती. बाई किडके दाणेही चांगल्यांतच टाकत होती. आईनं एक गुपचूप वेचून फेकला. मग आणखी एक. शेवटी तिला राहवलं नाही, तिनं बाईचं मनगटच धरलं.

"काय वं बाई! अळी दिसत नाही का तुले? सारे सोले नासवून राह्यली! हे पाय, असं पाहून टाक!"

आणि जीभ चावली. पाहुणीवर आवाज चढवला होता तिनं, आयुष्यात पहिल्यांदा.

बाईनं मला विचारलं, "काय म्हणाली?"

"रागावली तुमच्यावर. किडके दाणे टाकताय म्हणून."

बाईचा चेहरा असा खुलला, की आल्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता. तिनं चष्मा काढून, पदराला पुसावा तसा स्वतःच्या झग्याला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "तिला म्हणावं, परत एकदा दाखव."

मी आईला सांगितलं. मग तिनं टोपलीतल्या निम्म्या शेंगा बाईच्या पुढ्यात ओतल्या.

"दाखवतो," ती म्हणाली. "अन् सांग तिले, उद्या अजून पोतंभर शेंगा येतेत. काम टाकून कुठी चालली म्हना?"