रुळांना खोबरेल

मी माझ्या मॉडेल रेल्वेच्या रुळांना खोबरेल तेल लावलं. चांगलं चोळून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आमच्याकडे अलिबागला आगोटीआधी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, विळी, कोयता, दाराच्या कड्या अशा सगळ्या लोखंडाला तेलाचं बोट फिरवतात. नाहीतर खारी हवा खाऊन टाकते. मग पडवीतल्या टेबलावरची माझी रेल्वे तरी का वगळा? इंजिनाला वीज मिळते ती रुळांतूनच, हे मला ठाऊक होतं. पण तेलाची वाटी हातात आली की आमचं डोकं रजेवर जातं.

इंजिन वीतभर चालायचं आणि अडायचं. आवाजाची चिप त्याच्याच पोटात. तेलाच्या थरानं वीज तुटली की तीही गप्प, आणि परत जीव आला की पहिल्यापासून तीच इंजिन सुरू होतानाची खोकल्याची उबळ. मला वाटलं, आवाजच कमी पडतोय. कंट्रोलरवर तो वाढवत अगदी टोकाला नेला.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण दुपारी काशीदहून दादा यायचा होता, माझा थोरला भाऊ. पहिल्या पगारात त्यानं मला चावीची आगगाडी आणली होती. स्वतः मात्र अंगठा तुटलेल्या चपला फरफटत हिंडत होता. आता काचबिंदूनं त्याची नजर पार गेली. फोनवर म्हणाला, "तुझी गाडी ऐकायला येतो रे." आणि माझ्याकडे त्याला ऐकवायला नुसता खोकला!

बायकोनं रुळावर बोट फिरवून वास घेतला. "अहो, गाडी चालवायचीय की तिची वेणी घालायचीय?"

तिनं स्पिरिटची बाटली आणि जुन्या धोतराचा फडका काढला. रूळ तिनं पुसले, चाकं मी. मग मी ऐटीत वीज सोडली. टोकाला नेलेला भोंगा असा फुटला की माडावरचे कावळे उडाले आणि शेजारीण कुंपणाशी धावत आली.

"द्या इकडे," म्हणत बायकोनं कंट्रोलर घेतला. भोंगा खाली आणला, घरघर त्याहून खाली, चाकांची खडखड तेवढी जरा वर.

दादा खुर्चीत बसला. गाडी सुटली. त्याची मान हळूहळू गाडीबरोबर वळू लागली. "वळण," तो म्हणाला. खरंच वळण होतं. लाकडी पुलावर आवाज पोकळ झाला, तसा हसला. "पूल बांधलायस होय रे?" मी देवाचे, बायकोचे आणि त्या स्पिरिटच्या बाटलीचे मनोमन आभार मानले. दादाला माझे डोळे दिसत नव्हते, तेही बरंच.

"एकदासुद्धा अडली नाही," तो म्हणाला.

"सकाळपासून खपतोय मी," मी छाती काढून सांगितलं.

"गप रे. तू एकटा खपला असतास तर गाडी चालली असती काय?"